उरुग्वेचा तो म्हशीएवढा उंदीर : घूस म्हणायची, कॅपिबारा की तिसरंच काही?

लालबागकर :
मंडळी, घरात पैज लागलीय म्हणून विचारतोय, हसू नका. रविवारी संध्याकाळी आमच्या चाळीमागच्या गटारातून एक घूस निघाली, एवढी दांडगी की समोर बसलेलं मांजरच उठून बाजूला झालं, आणि ही आपली कचऱ्याच्या डब्याला वळसा घालून, वाटेत कोणीतरी टाकलेलं बटाटाभजं उचलून, सावकाश परत आत. आमचे मेव्हणे गॅलरीत चहा पीत होते, ते म्हणाले हे तर पिल्लू आहे, दक्षिण अमेरिकेत हजार किलोची घूस सापडलीय, पेपरात आलेलं. मुलगी आठवीत आहे, ती लगेच, मामा ती घूस नाही काही, ती कॅपिबाराची पणजी, मी रील बघितलंय. मग मी शहाणपणा करून सर्च मारला तर अजूनच घोळ. एका ठिकाणी महाकाय गिनीपिग, दुसरीकडे राक्षसी उंदीर, एक व्हिडिओवाला म्हणतो ७०० किलो आणि व्हेनेझुएला, दुसरा म्हणतो १००० किलो आणि उरुग्वे, तिसऱ्याने तर दोघांना एकच करून टाकलं. मी आपला गिनीपिगवर पैसे लावून बसलोय. नाव पण असं की जिभेला गाठ पडते, जोसेफोआर्टिगासिया म्हणे.

तर प्रश्न साधा आहे. हा प्राणी नक्की कोणाच्या घरातला? आणि नुसत्या हाडांवरून हे ठरवतात कसं? हरणाऱ्याने सगळ्यांना मिसळ द्यायची आहे आणि आम्ही घरात नऊ जण आहोत, तेव्हा जरा नीट सांगा.

परळचा पिंट्या :
उत्तर माहीत नाही, पण महापालिकेची ती रात्रपाळीची उंदीर मारणारी माणसं असतात ना, काठी आणि टॉर्च घेऊन फिरणारी, त्यांच्यासमोर हजार किलोवाला आला तर काठी त्यालाच देऊन घरी जातील. मिसळ कुठे आहे तेवढं कळवा.

कवटीवाली बाई :
लालबागकर, तुम्ही तिघंही हरलात हे आधीच सांगते, मिसळीचं काय ते तुम्ही बघा. मी कॉलेजात झूऑलॉजी शिकवते, त्यामुळे थोडं लांबण लागेल.

उरुग्वेवाला म्हणजे जोसेफोआर्टिगासिया मोनेसी. त्याची कवटी १९८७ मध्ये रिओ दे ला प्लाताच्या किनाऱ्यावर मिळाली, एका हौशी माणसाने ती माँतेव्हिदेओच्या म्युझियमला दिली आणि तिथे ती वीस वर्षं पडून होती. २००८ मध्ये आंद्रेस रिंदरक्नेख्त आणि एर्नेस्तो ब्लांको या दोघांनी तिचं रीतसर वर्णन छापलं. लांबी ५३ सेंटीमीटर. मुलीच्या दप्तरातली ३० सेंटीमीटरची पट्टी काढा, एक आख्खी आणि वर दुसरीची पाऊण, एवढं नुसतं डोकं. काळ साधारण ४० ते २० लाख वर्षांपूर्वीचा.

आता घूस का नाही. आमच्या लॅबच्या काचेच्या कपाटात दोन कवट्या शेजारी शेजारी आहेत, एक घुशीची, एक सायाळीची (साळिंदर म्हणा हवं तर, आमच्या गावी सायाळच म्हणतात). पोरांना मी दरवर्षी एकच गोष्ट करायला लावते. डोळ्याच्या खोबणीच्या पुढे, गालाच्या हाडाशी एक भोक असतं, तिथे बोट घालून बघा म्हणते. घुशीला ती नुसती उभी फट, कुलपाच्या भोकासारखी, काडेपेटीतली काडी जाते फार तर. सायाळीला त्याच जागी असं भगदाड असतं की माझा अंगठा आरपार जातो, आणि पहिल्यांदा बघणारं पोर हमखास त्यालाच डोळ्याची खोबण समजतं. हे भगदाड कशाला, तर जबडा दाबणारा जो मोठा स्नायू आहे, मॅसेटर, त्याचा एक जाडजूड पदर सायाळीत त्या भोकातून पुढे जाऊन थेट थोबाडाच्या बाजूला चिकटतो. उंदीर-घुशीत त्याची जेमतेम एक बारीक पट्टी जाते, खारीत तर त्या वाटेने जातच नाही. १८५५ मध्ये ब्रांट नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने याच्यावरूनच कुरतडणाऱ्या प्राण्यांचे तीन गट पाडले होते, खारीवाले, उंदीरवाले आणि सायाळवाले. पुढे १८९९ मध्ये टुलबर्ग नावाच्या दुसऱ्या प्राणिशास्त्रज्ञाने खालचा जबडा बघायला सुरुवात केली, त्याचा मागचा कोपरा पटाशीच्या दाताच्या रेषेत आहे की बाहेरच्या अंगाला फुटलाय. आज ब्रांटचे गट जसेच्या तसे कोणी वापरत नाही पण ते भोक बघणं काही सुटलेलं नाही.

दक्षिण अमेरिकेतले गिनीपिग, चिंचिला, कॅपिबारा, पाका, सगळे सायाळीच्या बाजूचे. उरुग्वेची कवटी पण. म्हणजे गंमत बघा, तुमच्या गटारातल्या घुशीपेक्षा बोरिवलीच्या नॅशनल पार्कातली सायाळ त्या राक्षसाला जास्त जवळची. मेव्हण्यांना हे जरा हळू सांगा.

मग जवळचा कोण? तर पाकाराना. डायनोमायडी नावाचं कुल आहे, एकेकाळी त्यात पुष्कळ मोठमोठे प्राणी होते, आता अख्ख्या कुलात एकच जात जिवंत आहे, डायनोमिस ब्रानिकाय, म्हणजेच पाकाराना. दहा-पंधरा किलोचा, काळपट अंगावर पांढऱ्या ठिपक्यांच्या रांगा, झुपकेदार शेपूट, अँडीजच्या पायथ्याच्या जंगलात राहतो, मागच्या पायांवर बसून पुढच्या दोन हातांत फळ धरून खातो. डायनोमिसचा अर्थ भयंकर उंदीर, डायनोसॉरमधलाच डायनो, आणि प्रत्यक्षात इतका मंद नि गरीब प्राणी की बस. जोसेफोआर्टिगासिया याच कुलातला. थेट आजोबा म्हणत नाहीये मी, चुलत घराण्यातला म्हणा.

जाता जाता एक. पेपरवाले 'नवी प्रजाती सापडली' लिहितात तेव्हा त्यांना बहुतेक वेळा स्पीशीज म्हणायचं असतं, पण पाठ्यपुस्तकात स्पीशीजला जाती आणि जीनसला प्रजाती आहे. इथे जोसेफोआर्टिगासिया ही प्रजाती आणि मोनेसी ही त्यातली जाती. आठवीच्या पेपरात उलटं लिहून येऊ नका म्हणावं.

लालबागकर :
बाई, अप्रतिम. मी काडेपेटी घेऊन घुशीच्या मागे धावणार नाही एवढं वचन देतो. पण मुलगी गप्प बसत नाहीये. ती म्हणते कॅपिबारा पण सायाळीच्याच बाजूचा ना, मग माझं अर्धं तरी बरोबर. आणि तिने कुठेतरी फोटो काढून दाखवला, कॅपिबाराच्या दाढा आणि या राक्षसाच्या दाढा, दोन्हीकडे भिंतीत विटा उभ्या लावल्यासारख्या पट्ट्या पट्ट्या. सारखेच दिसतात हो. मग वेगळं घर कसं?

कवटीवाली बाई :
तुमची मुलगी नुसतं रील बघत नाही, नीट बघते. हाच प्रश्न भल्याभल्यांना पडलाय.

सायाळीच्या बाजूच्या दक्षिण अमेरिकन मंडळींत बऱ्याच शाखा आहेत, आपल्या कामाच्या दोन. एका शाखेत गिनीपिग, कॅपिबारा, मारा, पाका, अगूती. दुसरीत चिंचिला, व्हिस्काचा आणि आपला पाकाराना. त्यामुळे गिनीपिग आणि कॅपिबारा दोघं एका छपराखाली आणि तुमचा राक्षस शेजारच्या वाड्यात.

दाढांचं असं आहे की चिवट झाडपाला, गवत खाऊन दाढा झिजतात, मग ज्यांना ते खाऊन जगायचंय त्यांच्या दाढा जन्मभर वाढत राहतात आणि इनॅमलच्या पट्ट्या उभ्या एकाला एक लागून येतात, म्हणजे पाटा टाकी लावल्यासारखा खरखरीत राहतो. कॅपिबाराने हे स्वतःचं स्वतः केलं, डायनोमायडींनी स्वतःचं. वडा पावात घातला आणि बर्गर पण पावातच, म्हणून ते भाऊ होत नाहीत. नुसत्या दाढेवर विसंबलं की फसायला होतं, म्हणून कवटी मिळाली याला एवढं महत्त्व. या खानदानातल्या कितीतरी जातींची नावं एखाद्या सुट्या दाढेवर नाहीतर जबड्याच्या तुकड्यावर ठेवलेली आहेत, आणि घासून घासून दाढेचा वरचा नकाशा वयाबरोबर बदलतो, म्हणजे आई आणि पिल्लू दोन वेगळ्या जाती म्हणून कागदावर यायची भीती.

पाकारानाची स्वतःची कथाच बघा ना. पेरूमधून एकच नमुना बर्लिनला गेला, १८७३ मध्ये तिथल्या पीटर्स या प्राणिशास्त्रज्ञाने त्याचं वर्णन केलं, आणि हा कोणाच्याच घरात नीट बसेना म्हणून त्याला स्वतंत्र कुल दिलं. पुढे तीस वर्षं शास्त्रज्ञांना हा प्राणी दिसलाच नाही, संपला असं धरून चालले होते, आणि १९०४ मध्ये ब्राझीलमध्ये गोएल्डी या प्राणिशास्त्रज्ञाच्या हातात जिवंत मादी आणि पिल्लू आलं. पाकाराना हे तुपी भाषेतलं नाव, अर्थ खोटा पाका, दिसतो पाकासारखा म्हणून. त्याचं खरं गणगोत चिंचिलाकडे आहे हे डीएनएवरून पक्कं झालं ते फार नंतर.

कुर्ला लोकल :
मग डायरेक्ट त्या राक्षसाच्या हाडातून डीएनए काढा ना, विषय संपला. एवढी भोकं मोजत कशाला बसायचं?

कवटीवाली बाई :
निघत नाही हो. डीएनए तुटत जातो, अगदी गोठलेल्या जमिनीतसुद्धा फार फार तर दहा-वीस लाख वर्षांपर्यंतचे तुकडे मिळालेत, आणि उरुग्वेचा किनारा काही सायबेरिया नाही. त्यामुळे डीएनए फक्त आज जिवंत असलेल्यांचा, आणि मेलेल्यांना जिवंतांशी जोडायचं ते हाडांनीच. पाकाराना संपला असता तर आपल्या हातात काय राहिलं असतं, विचार करा.

आणि डीएनए म्हणजे ब्रह्मवाक्य असं पण नाही. १९९१ मध्ये काही संशोधकांनी प्रोटीनच्या सीक्वेन्सवरून नेचर या जर्नलमध्ये छापलं की गिनीपिग हा मुळात कृंतक, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या, गणातलाच नाही, आणि १९९६ मध्ये मायटोकाँड्रियाचा डीएनए घेऊन अजून एका टीमने तेच ठासून सांगितलं. मी तेव्हा एमएस्सीला होते, सर वर्गात येऊन म्हणाले आता दोन वर्षं काय शिकवू तुम्हाला. नंतर जास्त प्राणी, जास्त जीन घेऊन बघितलं तर गिनीपिग परत कृंतकांत. तेव्हा भोकं मोजणाऱ्यांना नावं ठेवू नका.

आरेतला शेजारी :
बाईंनी कुळाचं सांगितलं, वजनाचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो, मी इंजिनीअर माणूस, आकडा दिसला की खाज सुटते.

ते हजार किलो आलं कुठून, तर २००८ च्या त्या शोधनिबंधात कवटीच्या मापांवरून काढलेला अंदाज १००८ किलो. पण त्याच्याच पुढे रेंज दिलीय ४६८ ते २५८६. आमच्या बिल्डरने दिलेली पझेशनची तारीख पण याच्यापेक्षा घट्ट होती. पेपरवाल्यांनी मधला आकडा उचलला आणि रेंज टाकली कचऱ्यात. त्याच वर्षी त्याच जर्नलमध्ये व्हर्जिनी मिलियन या बाईंनी लिहिलं की बाबांनो जिवंत कृंतकांची मापं वेगळ्या तऱ्हेने धरली तर हे अगदी साडेतीनशेपर्यंत खाली येऊ शकतं. मग मूळ लेखकांचं उत्तर. अशी भांडणं वाचायला मजा येते, फार सभ्य भाषेत एकमेकांचे कान उपटतात.

मुद्दा काय आहे की पाकारानाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं. अशा डोकेबाज खानदानात कवटीच्या लांबीवरून अंगाचा अंदाज केला की तो फुगणारच, मंडळातल्या गणपतीचं डोकं मोजून मूर्तीचं वजन सांगायला गेलात तर काय होईल तसं. २०२२ मध्ये एंगेलमन नावाच्या संशोधकाने वेगळंच माप घेतलं, मानेचा पहिला मणका कवटीला टेकतो तिथे दोन गुळगुळीत उंचवटे असतात, त्यांची रुंदी, कारण ती डोकं लांब की आखूड यापेक्षा अंगाच्या आकाराशी जास्त इमान राखते. त्यावरून जोसेफोआर्टिगासिया आला ४८० किलोवर. म्हणजे साधारण आमच्या आरेतल्या तबेल्यातली एक धडधाकट म्हैस. लहानपणी मी त्या म्हशींच्या मधून दुधाची बरणी घेऊन जायचो, त्यातली एक वळून बघायला लागली की मी भिंतीला चिकटायचो, तेव्हा ४८० म्हणजे कमी झालं असं निदान मला तरी वाटत नाही. आजच्या कृंतकांत सगळ्यात मोठा कॅपिबारा, तो पन्नास-साठ किलोचा असतो, हिशोब करा.

अजून एक, २०१५ मध्ये त्या कवटीचं सीटी स्कॅन करून कॉम्प्युटरवर चावा मोजला. पुढच्या पटाशीच्या दातांशी साधारण १४०० न्यूटन, म्हणजे १४० किलोचं ओझं त्या दोन दातांच्या टोकावर, वाघाच्या चाव्याच्या जवळपास. मागच्या दाढेशी त्याच्या तिप्पट. आणि दात स्वतः त्या चाव्यापेक्षा कितीतरी जास्त ताण सोसतील असे निघाले, त्यावरून ते लोक म्हणतात की हा प्राणी ते दात नुसते खायला नाही, हत्ती सुळे वापरतो तसे जमीन उकरायला किंवा एकमेकांना हाणायला वापरत असावा.

लालबागकर :
आरेवाले, म्हशीचं उदाहरण वाचून मेव्हणे खूश झालेत, ते म्हणतात बघा आकार तरी माझा बरोबर होता. मी म्हटलं तुम्ही हजार म्हणालात, निम्म्यावर आलाय. पण तो व्हेनेझुएलाचा ७०० किलोवाला राहिला की. तो हाच का दुसरा?

कवटीवाली बाई :
दुसराच. राहिलाच होता तो. फोबेरोमिस पॅटरसोनी. व्हेनेझुएलात उरुमाको म्हणून ठिकाण आहे, आज रखरखीत, पण साधारण ८० लाख वर्षांपूर्वी तिथे नद्या, दलदल आणि अवाढव्य मगरी होत्या. तिथे २००० साली याचा जवळजवळ पूर्ण सांगाडा मिळाला, २००३ मध्ये सायन्स या जर्नलमध्ये छापून आला, पायांच्या हाडांवरून वजन काढलं ७०० किलो, आणि जगभर बातमी गेली 'महाकाय गिनीपिग'. तुमची गिनीपिगवाली बातमी ही, लालबागकर. उरुग्वेवाल्याच्या आधी पाच वर्षं सगळ्यात मोठ्याचा मान याच्याकडे होता. आरेवाल्यांनी सांगितलेल्या २०२२ च्या शोधनिबंधात हा पण मोजलाय, १०८ ते २०० किलोच्या मध्ये कुठेतरी उतरला बिचारा.

घराचं म्हणाल तर याला काही जणांनी डायनोमायडीत टाकला होता, बाकीचे निओएपिब्लेमिडी नावाच्या संपूर्ण नामशेष कुलात ठेवतात आणि आता बहुतेकांचा कल तिकडेच आहे. शाखा तीच, चिंचिलावाली, पण वाड्यातली खोली वेगळी. म्हणजे एकाच शाखेत दोन घराण्यांनी आपापले पहिलवान उभे केले, एकाने व्हेनेझुएलात, एकाने खूप नंतर उरुग्वेत. तो तिसरा व्हिडिओवाला दोघांना एक करतो त्याला अनसबस्क्राइब करा.

नाव काढणारा :
नावाचं कोणी विचारलं नाही पण ती गोष्ट मला फार आवडते. होसे आर्टिगास म्हणजे उरुग्वेचा राष्ट्रपुरुष. १९६६ मध्ये फ्रान्सिस आणि मोनेस यांनी एका राक्षसी कृंतकाला त्यांच्या नावाने आर्टिगासिया म्हटलं. पुढे लक्षात आलं की आर्टिगासिया हे नाव आधीच गेलंय, आणि कोणाला, तर एका सूत्रकृमीला, म्हणजे आपल्या जंताच्या जातभाईला. प्राणिशास्त्रात नियम कडक, एक नाव दोन प्रजातींना चालत नाही, जो आधी आला त्याचं. आमच्या सोसायटीत एकाच नावाचे दोघं आहेत, कुरिअर कायम चुकीच्या दारात, तिथे हा नियम असता तर बरं झालं असतं. मग २००७ मध्ये मोनेस यांनीच नाव बदललं, नुसतं आडनाव गेलंय ना, मग पहिलं नाव पण जोडा, झालं जोसेफोआर्टिगासिया. आणि पुढच्या वर्षी नवी कवटी आली तेव्हा तिला नाव दिलं मोनेसी, त्यांच्याच सन्मानार्थ. १९६६ ची जी जुनी जात होती ती आता जोसेफोआर्टिगासिया मॅग्ना. जंत मात्र आपल्या जागी निवांत.

परळचा पिंट्या :
म्हणजे म्हशीएवढ्या जनावराने जंतासाठी नाव सोडलं. लोकलमध्ये चौथी सीट मागणाऱ्यांनी शिकावं. मिसळीचं काय झालं पण?

लालबागकर :
झाला निकाल. मेव्हणे हरले कारण घूस सगळ्यात लांबची. मी हरलो कारण गिनीपिग शेजारच्या वाड्यातला. मुलगी म्हणते मी पण त्याच शेजारच्या वाड्यातली आहे पण दाढा मी ओळखल्या, त्यामुळे मला माफ. बायकोने मध्येच विचारलं की कोणी पाकाराना म्हणालं होतं का, नाही ना, मग तिघांनी वर्गणी काढा. तर मी आणि मेव्हणे अर्धं अर्धं. उद्या सकाळी नऊ वाजता, लालबागलाच. पिंट्या, तू ये, पण तर्रीचे पैसे तुझे तू दे.

आत्ता हे टाइप करताना खाली गडबड ऐकू आली म्हणून बघितलं तर घूस परत आलीय आणि मेव्हणे गॅलरीतून टॉर्च मारून तिच्या गालाचं भोक दिसतंय का बघतायत.